पट्टी परक्याची, लेकरे आपली

डिसेंबर २००१मध्ये पॅरिसच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने ‘पिसा’ या चाचणीचा पहिला निकाल जाहीर केला आणि जर्मनी हादरली. कांट-गटेंचा वारसा सांगणाऱ्या राष्ट्राची पंधरा वर्षांची मुले वाचनात सदस्य देशांच्या सरासरीखाली! लवकरच तेथील प्रांतांनी समान शैक्षणिक मानके स्वीकारली. दिवसभराच्या शाळांसाठी केंद्राने चार अब्ज युरो दिले. वाचनात अव्वल ठरलेल्या फिनलंडकडे जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांच्या वाऱ्या सुरू झाल्या. पुढे फिनलंडच घसरला. आता या वारकऱ्यांनी कोठे जावे?

भारतातर्फे २००९च्या विस्तारित फेरीत तामिळनाडू व हिमाचल प्रदेश उतरले. ७४ सहभागींच्या यादीत दोन्ही राज्ये तळाशी राहिली. प्रश्न भारतीय परिवेशाला धरून नव्हते, असे सांगत तत्कालीन केंद्र सरकारने पुढच्या फेरीतून अंग काढून घेतले. २०१९मध्ये पुन्हा सहभागाचा करार झाला. पण कोविडमुळे लांबलेल्या २०२२च्या फेरीतही भारत नव्हता.

प्रश्न परके होते, हे मान्य. परंतु आरसा परका म्हणून चेहऱ्यावरचा डाग खोटा ठरत नाही. आणि डाग दिसला म्हणून दुसऱ्याचा मुखवटाही चढवायचा नसतो. पहिली पळवाट आहे. दुसरी मेकॉलेने १८३५मध्ये लावलेली सवय.

यापलीकडची वाट बार्शीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी दाखविली. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत कन्नड बोलणाऱ्या घरांतील मुले येत. गुरुजी स्वतः कन्नड शिकले, पाठ्यपुस्तके त्या भाषेत नेली, त्यांना क्यूआर कोड जोडले. ती कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी उचलली. जागतिक शिक्षक पुरस्कार २०२०मध्ये मिळाला. काम त्याआधीच उभे होते. हा क्रम महत्त्वाचा.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरला. ‘निपुण भारत’ अभियानाने २०२१मध्ये तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन व अंकगणित यावे यासाठी २०२६-२७ ही मुदत घातली. हा राष्ट्राने स्वतःला दिलेला शब्द आहे. तो केवळ कागदावर पाळला गेला, तर परक्या पट्टीला दोष देण्याचा अधिकार उरणार नाही.

म्हणूनच प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या शाळेत जावे आणि तिसरीच्या मुलाला चार ओळी वाचावयास सांगाव्यात. या चाचणीचा निकाल पॅरिसहून येण्याची वाट पाहावी लागत नाही.