नौकेसाठी पहिली गाडी

मुलांची शिडाची छोटी नौका ट्रेलरवर ओढून हुसेनसागरला न्यायची, तर पहिली गाडी मोठीच हवी, असा समज आपल्या तरुण डॉक्टर मित्रांत आढळतो. माझ्या मते तो अनाठायी आहे. शिडाविना 'ऑप्टिमिस्ट' 35 किलोची, 'लेझर' सुमारे 59 किलोची. हलका ट्रेलर धरूनही भार सहसा 250 किलोंच्या आतच राहतो. मात्र जिच्या माहितीपुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची मुभा व मर्यादा नमूद असेल, तीच गाडी निवडावी. ब्रेक आणि क्लच कसून तपासावेत. खरी कसोटी काठाच्या ओल्या चढावर लागते. ट्रेलरचीही नोंदणी करावी. सुस्थितीतील जुनी गाडी घेऊन वाचलेल्या पैशांतून प्रथम मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे घ्यावीत. हप्त्यांपायी रविवारीही दवाखाना उघडावा लागला, तर नौका अंगणातच राहील!