अर्ज आपलाच असावा

शाळा सोडून गेलेले विद्यार्थी बहुधा दोन प्रसंगीं आम्हांस भेटावयास येतात : एकदां लग्नाची पत्रिका घेऊन व एकदां नोकरीचा अर्ज घेऊन. पत्रिका पाहून आम्हांस आनंद होतो; अर्ज पाहून मात्र पुष्कळदां वाईट वाटतें.

भातकुलीजवळच्या एका खेड्यांतील आमचा एक माजी विद्यार्थी असाच आला होता. त्यानें आपला ऑनलाइन अर्ज एका दुकानांत भरून घेतला होता. ई-मेलचा पत्ता दुकानदाराचा, मोबाइलचा क्रमांकही दुकानदाराचाच. प्रवेशपत्राची सूचना दुकानांत गेली, आणि मुलाच्या कानीं आली तेव्हां परीक्षा होऊन चार दिवस लोटले होते. वर्षभराचा अभ्यास व बापानें तूर विकून दिलेली फी, दोन्ही वायां गेलीं. दोष दुकानदाराचा आहेच. परंतु त्याहून मोठा दोष आम्हां शिक्षकांचा आहे, असें आम्हांस प्रांजलपणें वाटतें. पावसाळा, शेतकऱ्याचें आत्मवृत्त अशा विषयांवर आम्हीं त्याजकडून निबंध लिहवून घेतले. पण स्वतःविषयीं एक पान खरें व नेमकें लिहावयास त्यास कधीं शिकविलें नाहीं.

आमच्या खारपाणपट्ट्यांत शेती पावसावर अवलंबून. त्यामुळें घरोघरीं डोळे नोकरीकडे लागलेले असतात, आणि त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु गर्दी केवढी आहे तें पाहावें. सन २०२३ मध्यें राज्यांत तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली व अर्ज आले १० लाखांहून अधिक. म्हणजे एका जागेमागें दोनशेंहून जास्त उमेदवार. अशा गर्दींत उमेदवारास दोन मोह पडतात. एक, नसलेले गुण अर्जांत लिहिण्याचा. दुसरा, "नोकरी लावून देतों" म्हणणाऱ्याच्या हातीं पैसे देण्याचा.

पहिल्या मोहास उत्तर म्हणून श्रीनिवास रामानुजन् यांचें उदाहरण आम्ही मुलांस सांगत असतों. ते एफ्. ए. ची परीक्षा उत्तीर्ण होऊं शकले नव्हते. ९ फेब्रुवारी १९१२ रोजीं त्यांनीं मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्यें कारकुनाच्या जागेसाठीं अर्ज केला. मॅट्रिक झालों आहें, एफ्. ए. पर्यंत शिकलों, परिस्थितीमुळें पुढें शिकतां आलें नाहीं, तेव्हांपासून गणितांत वेळ घालविला आहे, आणि हें काम मी नीट करीन अशी खात्री आहे, एवढाच त्याचा आशय. सोबत एका प्राध्यापकांचें शिफारसपत्र होतें. १ मार्चपासून त्यांस महिना ३० रुपयांवर जागा मिळाली. पुढील जानेवारींत केंब्रिजच्या हार्डी यांस लिहितांनाही, आपण कारकून आहों व विद्यापीठाचें शिक्षण आपणांस मिळालेलें नाहीं, हें त्यांनीं प्रथम सांगितलें आणि मग आपलें गणित पुढें मांडलें. उणें असेल तें एका ओळींत सांगावें, येतें तें सविस्तर सांगावें. अर्जाची सारी विद्या एवढ्यांत आली.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. दहावीच्या प्रमाणपत्रावर जसें नांव आहे तसेंच आधारवर व अर्जांत असावें. एका अक्षराच्या फरकानेंही कागद तपासतांना अडचण येते. ई-मेल व मोबाइल स्वतःचाच द्यावा आणि संकेतशब्द वहींत लिहून ठेवावा. अधिवास, जात व नॉन-क्रिमीलेअर यांचे दाखले मिळण्यास वेळ लागतो. ते जाहिरातीपूर्वींच काढून ठेवावे. दुकानांत अर्ज भरला तरी शेवटचें बटण दाबण्यापूर्वीं प्रत्येक ओळ स्वतः वाचावी व अर्जाची प्रत घरीं आणावी.

खासगी नोकरीसाठीं लिहितांना मालकास कोणतें काम करून हवें आहे तें आधीं वाचावें. "संगणकाचें संपूर्ण ज्ञान" असें लिहूं नये. पत्र टंकितां येतें, हिशेबाचा तक्ता करतां येतो, असें लिहावें. घरचें काम हलकें समजूं नये. कापसाच्या वेचणींत वीस बायांचें वजन व मजुरी ज्या मुलानें चोख लिहिली, बचतगटाची वही जिनें दोन वर्षें सांभाळली, त्यांच्यापाशीं अनुभव नाहीं असें कोण म्हणेल ?

दुसऱ्या मोहाविषयीं पालकांस आमची हात जोडून विनंति आहे. जागा विकत देतों म्हणणारा मनुष्य बहुधा ठक असतो. आणि त्याचें म्हणणें खरें ठरलेंच, तर ती जागा दुसऱ्या कोणा गरिबाच्या मुलाची असते. त्यासाठीं वावर गहाण टाकूं नये.

दहावीच्या प्रत्येक मुलानें व मुलीनें शाळा सोडण्यापूर्वीं स्वतःचा एक अर्ज स्वतःच्या हातानें लिहावा, शिक्षकांनीं तो तपासावा व पालकांनीं वाचावा, असें आम्हांस वाटतें. नोकरी लागणें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं नाहीं. आपल्या नांवावर गेलेला कागद खरा असणें मात्र सर्वस्वीं आपल्याच हातीं आहे.