स्वस्त सहलीला वाली कोण?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना मिळणारी रजा प्रवास सवलत, म्हणजेच आपल्या सर्वांच्या तोंडी असलेली 'एलटीसी', ज्या १९८८ च्या नियमांनी चालते त्यांत एक तरतूद आहे. मुख्यालयापासून गंतव्यस्थानापर्यंतचे भाडे जवळच्या थेट मार्गाने मिळेल. किरकोळ खर्च आणि स्थानिक प्रवासाचा खर्च मिळणार नाही. नियम म्हणून यात वावगे काही नाही. सरकारी तिजोरीतून कोणाच्या रिक्षाचे पैसे का द्यावेत, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु या एका वाक्यात आपल्या पर्यटनविषयक प्रशासनाची सारी मनोवृत्ती सामावलेली आहे. प्रवाशाला हजार-बाराशे किलोमीटर आणून सोडायचे आणि शेवटच्या पंधरा-वीस किलोमीटरांना तोंड फिरवायचे.

हे लिहिण्याचे निमित्त ऋतूचे आहे. जबलपूरच्या गोरखपूर भागात (उत्तर प्रदेशातील गोरखपूर नव्हे, हा आमच्या शहरातील बाजारपेठेचा भाग) आणि आसपास बरीच मराठी कुटुंबे आहेत. कोणी तोफगाडी कारखान्यात वा खमरियाच्या आयुध निर्माणीत नोकरी केलेले, कोणी रेल्वेतले, कोणी वीज मंडळातले. दिवाळी सरली की यांपैकी अनेकांना समुद्र आठवतो. नर्मदा उंबऱ्याशी असली, भेडाघाटाची नौका हाताशी असली, तरी ज्याचे आजोळ मालवण-वेंगुर्ल्याकडचे आहे त्याची तहान त्याने भागत नाही. मग प्रश्न सुरू होतात. कुडाळला उतरून पुढे कसे जायचे? मालवणात खोली घेतली तर रोज एकेक ठिकाण पाहून संध्याकाळी परत येता येईल का? चौघांचा खर्च किती? शेवटच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की रेल्वेचे भाडे, खोलीचे भाडे आणि जेवण या तिन्हींचा अंदाज बांधता येतो. ज्याचा येत नाही तो स्थानिक प्रवासाचा. आणि बहुतेक वेळा तोच अंदाजपत्रक उधळून लावतो.

सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. पुढच्याच वर्षी, २६ जानेवारी १९९८ रोजी, कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. पर्यटनाचा दर्जा आणि रेल्वे, दोन्ही एका वर्षाच्या आत मिळण्याचे भाग्य फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आले असेल. परंतु कोकण रेल्वे डोंगराच्या पायथ्याने गेली. गावे आणि समुद्र राहिले पश्चिमेला. कुडाळ स्थानकापासून मालवण तीसेक किलोमीटर, कणकवलीपासून चाळीसच्या वर. सावंतवाडीचे स्थानक तर खुद्द सावंतवाडीतही नाही, ते मळगावात आहे. ही भूगोलाची आणि अभियांत्रिकीची अपरिहार्यता मानू. पण स्थानक आणि किनारा यांना जोडणारी बस ही अपरिहार्यता नव्हे, तो निर्णय आहे. आणि पंचवीसहून अधिक वर्षे तो निर्णय कोणी मनावर घेतलेला नाही. गाडी येते पहाटे, बस असते साडेनवाला. मधल्या काळात स्थानकाबाहेरच्या चालकाने मागितलेली रक्कम हीच बाजारातील किंमत ठरते.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा मुद्दा आहे. दिवसभरासाठी ठरवलेल्या मोटारीचा खर्च स्थिर असतो. आत एक माणूस बसो की पाच. सहा जणांच्या खात्यापित्या गटाला तो जाणवत नाही. एकट्या निवृत्त शिक्षकाला, दोघी बहिणींना, विधवा आईला घेऊन आलेल्या कारकुनाला तो कंबरडे मोडणारा असतो. बसचे भाडे माणशी असते. म्हणजे बस नसल्याचा कर हा उत्पन्न जितके कमी आणि कुटुंब जितके लहान तितका जड होत जातो. अशा कराला आमच्या पाठ्यपुस्तकात प्रतिगामी म्हणतात. तो कोणत्याही विधिमंडळाने मंजूर केलेला नाही, तरी त्याची वसुली चोख होते.

एलटीसीच्या नियमांत सातव्या वेतन आयोगानंतर एक सुधारणा झाली: ज्या दोन ठिकाणांमध्ये सार्वजनिक वाहतूकच नाही तेथे खासगी वाहनाचे भाडे शंभर किलोमीटरपर्यंत स्वयंघोषणेवर मिळू शकते. सुधारणा चांगली आहे, पण गंमत पाहा. मार्गावर दिवसातून एक एसटी असली, ती सकाळी सहाला निघून गेलेली असली, तरी कागदोपत्री तेथे सार्वजनिक वाहतूक 'आहे'. आमच्या कार्यालयीन भाषेत 'आहे' आणि 'मिळते' यांत फरक करण्याची सोय नाही.

आता 'बस चालवणे परवडत नाही' हे नेहमीचे उत्तर तपासू. किनाऱ्यावरील गावांच्या एसटीचे वेळापत्रक कसे आखले जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला मुक्कामी गाडी माहीत असते. रात्री शेवटची फेरी गावात जाते, चालक-वाहक तेथेच मुक्काम करतात, आणि सकाळी शाळेची मुले, मासळी घेऊन निघालेल्या बाया, कचेरीची कामे असलेली माणसे यांना घेऊन गाडी तालुक्याला येते. संध्याकाळी हीच माणसे परततात. म्हणजे सकाळी गर्दी गावाकडून शहराकडे, संध्याकाळी शहराकडून गावाकडे. सहलीला निघालेल्या प्रवाशाचा ओघ नेमका उलटा: सकाळी शहरातून किनाऱ्याकडे, संध्याकाळी किनाऱ्याकडून शहराकडे. सकाळी भरून आलेली गाडी परत जाताना बरीचशी रिकामी जाते. चालकाचा पगार दिलेला आहे, डिझेल जळणारच आहे. त्या रिकाम्या आसनावर आणखी एक माणूस बसवण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य आहे. इतका फुकटचा महसूल व्यापारी संस्था सोडते का? महामंडळ सोडते, कारण ती गाडी कधी आणि कोठून सुटते हे परक्या माणसाला कळण्याची व्यवस्था नाही. एका आगारात मी चौकशी खिडकीवर वेळापत्रकाची प्रत मागितली तेव्हा 'गाडी लागली की कळेल' असे उत्तर मिळाले. उत्तर देणारा गृहस्थ उद्धट नव्हता. त्याच्या दृष्टीने प्रवासी म्हणजे ज्याला वेळ आधीच पाठ असते तो.

सवलती नाहीत असे नाही. 'आवडेल तेथे प्रवास' हा चार आणि सात दिवसांचा पास एसटीने १९८८ पासून दिला. मार्च २०२३ मध्ये महिलांना निम्म्या तिकिटाची सवलत सुरू झाली, त्याआधी २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले तरीही एसटी मोटारीच्या मानाने स्वस्तच आहे. दर हा प्रश्नच नव्हे. सवलत जाहीर करणे सोपे असते, त्यासाठी एक शासन निर्णय पुरतो. फेरी चालवण्यासाठी चालक लागतो, गाडी लागते, सुटे भाग लागतात. न सुटणाऱ्या गाडीत निम्मे तिकीट काय आणि पूर्ण तिकीट काय!

रेल्वेनेही आपला वाटा उचलला. २०२० च्या साथीनंतर पॅसेंजर गाड्या एक्सप्रेसच्या भाड्याने चालवण्यात आल्या आणि दहा रुपयांचे किमान तिकीट तीस रुपये झाले. ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. लांबच्या प्रवाशाला वीस रुपयांनी काही फरक पडला नाही. दोन स्थानकांपलीकडचा समुद्र पाहायला निघालेल्याचा खर्च तिप्पट झाला. आमच्या जबलपूरहून कोकणमार्गे कोइमतूरला जाणारी साप्ताहिक गाडीही कित्येक वर्षे 'विशेष' म्हणून, मुदतवाढीवर मुदतवाढ घेत धावत आली. वर्षानुवर्षे धावणारी गाडी कोणत्या अर्थाने विशेष, हे भाड्याचा तक्ता पाहिल्याशिवाय उमगत नाही.

मग पैसा जातो कोठे? केंद्राच्या 'स्वदेश दर्शन' योजनेत २०१५-१६ साली सिंधुदुर्गचा किनारी परिपथ मंजूर झाला. शिरोडा, सागरेश्वर, तारकर्ली, विजयदुर्ग, मिठबाव ही नावे त्यात होती. या योजनेची रचना अशी की बांधकामाचा पैसा केंद्राचा आणि चालवण्या-राखण्याची जबाबदारी राज्याची. बांधकाम हा भांडवली खर्च. त्याचे उद्घाटन होते, छायाचित्र निघते, उपयोगिता प्रमाणपत्र देता येते. स्वच्छतागृहाच्या झाडूवाल्याचा पगार हा महसुली खर्च. त्याचे उद्घाटन होत नाही. म्हणून बांधलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप दिसते आणि दिवसभरासाठी आलेल्या बायकांची कुचंबणा होते. ज्याने हॉटेलात खोली घेतली आहे त्याला हे कुलूप कधी दिसत नाही. एक दिवसाच्या प्रवाशाचे हॉटेल म्हणजे बसस्थानक, धक्का आणि हे स्वच्छतागृह.

शिरोडा-वेळागरला पंचतारांकित हॉटेलासाठी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात जमीन संपादन झाली. पुढची दोन दशके उलटली तरी हॉटेल उभे राहिले नव्हते. ज्या शिरोड्याला १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचा वारसा आहे तेथील जमीन इतकी वर्षे अडकून पडावी, याला नियोजन म्हणायचे असेल तर म्हणावे. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. मालवणच्या राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला आणि २०२५ मध्ये त्याहून उंच पुतळा उभा राहिला. समोरच्या कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला सिंधुदुर्ग मात्र साडेतीनशे वर्षे लाटा खात उभा आहे. तो पाहायला जाणाऱ्याला होडी साधारण तासाभराची मुदत देते. तीनेक किलोमीटरचा तट तासाभरात कोण फिरणार? होडीवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पाळीने धंदा करणाऱ्यांनी तेवढ्याच वेळात दुसरी फेरी मारायची असते. 'दोन तासांनी परतण्याची मुभा' एवढा साधा करार नगर परिषद, होडी संघटना आणि पुरातत्त्व खाते यांना एका टेबलाभोवती बसून करता येणार नाही काय?

स्वस्त प्रवाशाविरुद्ध एक युक्तिवाद नेहमी केला जातो: तो घाण करतो आणि खर्च करीत नाही. गोव्यात हा सूर वारंवार ऐकू येतो. २०२२ साली तेथील पर्यटन खात्याने किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्यांना पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. घाणीचे समर्थन मी करणार नाही, दंड हवाच. पण जेथे डबा उघडून बसायला कट्टा नाही, नळ नाही, कचरापेटी नाही, तेथे दंड हा एकमेव धोरणात्मक उपाय असू शकत नाही. खर्चाचे म्हणाल, तर मोठ्या हॉटेलात भरलेल्या रकमेचा बराच भाग मुख्य कार्यालयाकडे, पुरवठादारांकडे, जिल्ह्याबाहेर जातो. एक दिवसाचा प्रवासी खानावळीत माशाचे ताट घेतो, होडीचे पैसे देतो, कोकम आणि खाजे बांधून घेतो. रक्कम लहान, पण ती गावातच फिरते. आणि त्याच गोव्याचे श्रेयही सांगितले पाहिजे: नदीवरच्या सरकारी फेरीबोटींत पायी प्रवाशाकडून भाडे घेतले जात नाही. रायबंदरहून चोडणला फुकट नदी ओलांडणे ही त्या राज्यातील सर्वांत सुंदर सहलींपैकी एक आहे. तिची जाहिरात कोणी करीत नाही एवढेच.

गर्दीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. डिसेंबरअखेरीस तारकर्लीच्या अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लागते हे खरे. पण ती रांग मोटारींची आहे, माणसांची नव्हे. चाळीस माणसे एका बसमध्ये मावतात. त्यांनाच दहा मोटारींत बसवून आपण रस्ता रुंद करण्याचा प्रस्ताव पाठवतो. सुरक्षेचेही तसेच. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीकडे निघालेल्या बोटीचा भीषण अपघात झाला. तिकीट स्वस्त की महाग यावर आसनक्षमता आणि जीवरक्षक जाकिटे अवलंबून असता कामा नयेत. ती तपासणाऱ्या निरीक्षकावर अवलंबून असावीत.

हे जमते, याचा दाखला याच किनाऱ्यावर आहे. केरळच्या राज्य परिवहनाने, जे तोट्याच्या बाबतीत कोणाला हार जाणारे नाही, नोव्हेंबर २०२१ मध्ये अल्पखर्ची सहलींसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. नवे हॉटेल नाही, नवा पुतळा नाही. आगारातल्याच गाड्या, आगारातलेच चालक. सुट्टीच्या दिवशी चालकुडीहून जंगलातल्या वाटेने मलक्कप्पाऱ्याला नेणारी आणि संध्याकाळी परत आणणारी साधी बस. लोकांनी ती उचलून धरली आणि इतर आगारांनी कित्ता गिरवला. महाराष्ट्रातही काही आगारांनी सणासुदीला 'दर्शन' गाड्या सोडून पाहिल्या आहेत. पण उत्साही आगार व्यवस्थापकाची बदली झाली की गाडीही जाते.

उलट दिशेचा दाखला आमच्याकडे आहे. मध्य प्रदेशाने आपले राज्य परिवहन महामंडळ तोट्यात म्हणून २००५ साली बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर गावोगावच्या माणसाने काय सोसले ते येथे राहणाऱ्या मराठी वाचकांना सांगायला नको. वीस वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, राज्याच्या मंत्रिमंडळाने 'सुगम परिवहन सेवा' या नावाने पुन्हा सार्वजनिक बससेवा उभारण्यास मंजुरी दिली. मोडायला एक निर्णय पुरला, उभारायला पिढी गेली. एसटीच्या २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपात 'नाही तरी एसटी हवी कशाला' असे म्हणणारे काही सुशिक्षित आप्त मला भेटले. त्यांना मी जबलपूरला येऊन मंडल्याच्या आतल्या एखाद्या गावी जाऊन दाखवा, असे सुचवले होते.

आपण महाराष्ट्राबाहेर राहतो, तेथील मतदार नाही, म्हणून आपले कोण ऐकणार, असे पुष्कळांना वाटते. परंतु माहिती अधिकार कायदा, २००५ भारताच्या कोणत्याही नागरिकाला अर्ज करू देतो, आणि एसटी महामंडळ त्याच्या कक्षेत आहे. कोकणात जाण्याआधी, किंवा जाऊन आल्यावर, संबंधित विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला पुढील गोष्टी विचाराव्यात. कुडाळ, कणकवली आणि सावंतवाडी या रेल्वे स्थानकांवरून थेट किनाऱ्याच्या गावी जाणाऱ्या फेऱ्या किती व त्यांच्या वेळा काय? गेल्या बारा महिन्यांत त्यांपैकी किती रद्द झाल्या व कारण काय? मुक्कामी गाड्यांच्या सकाळच्या परतीच्या फेरीत सरासरी किती आसने रिकामी गेली? आणि ही वेळापत्रके कोणत्या दिनांकास, कोणत्या फलकावर लावली? चौथा प्रश्न वगळू नये.