दुभाष्याची बिदागी

सुस्थितींतील मराठी कुटुंबें अलीकडे जपानच्या वाऱ्या करूं लागलीं आहेत, याचा आम्हांस आनंदच वाटतो. कष्टानें मिळविलेला पैसा प्रवासांतील सुखसोयींवर खर्च करण्यांत कसलेंही पाप नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. विमानांतील उंची आसन, पंचतारांकित हॉटेल आणि ताशीं २८५ किलोमीटर वेगानें धावणारी शिंकान्सेन गाडी यांसाठीं ज्यांचा हात सढळ असतो, त्यांच्याच कपाळाला स्थानिक दुभाष्याची बिदागी ऐकून आठ्या पडतात. 'दुभाषी कशाला? बरोबर आपला माणूस आहे, आपला स्वयंपाकी आहे, शिवाय खिशांत भाषांतर करणारा फोन आहे,' असा त्यावर युक्तिवाद होतो. या काटकसरीस आम्ही उधळपट्टी म्हणतों. एवढा खर्च करून जावें आणि पाहावयाचें तेवढें न पाहतां परतावें, याहून मोठी नासाडी कोणती?

क्योटो शहरांतील सांजूसान्गेन्दो हें मंदिर घ्या. ११६४ सालीं स्थापन झालेलें हें मंदिर १२४९ च्या आगींत भस्मसात् झालें व १२६६ त पुन्हां उभें राहिलें. सुमारें १२० मीटर लांबीच्या त्या दालनांत सहस्रभुज अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ति आहेत. आमचा यात्रेकरू तें सारें अर्ध्या तासांत उरकतो आणि आंत फोटो काढूं देत नाहींत म्हणून कुरकुरत बाहेर पडतो. पण त्या मूर्तींबरोबर जे २८ परिचर देव उभे आहेत, त्यांतील ताइशाकुतेन म्हणजे आपला इंद्र, बोंतेन म्हणजे ब्रह्मदेव आणि पांवा वाजविणारा पक्षिमुख कारुरा म्हणजे आपला गरुड, हें त्याच्या कानावर कोणीं घातलें असतें तर? ज्या देवांना तो घरीं रोज हात जोडतो, त्यांच्यासमोरून तो परक्यासारखा निघून जातो.

कोयासान पर्वतावर हाच प्रकार. कूकाई या आचार्यानें ८१६ सालीं वसविलेल्या त्या क्षेत्रांत ओकुनोइन नांवाची विस्तीर्ण स्मशानभूमि आहे. तेथें दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत. त्यांतील कित्येक समाध्या एकावर एक रचलेल्या पांच दगडांच्या आहेत. ते पांच दगड म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायु व आकाश हीं पंचमहाभूतें; आणि त्यांवर कोरलेलीं अक्षरें म्हणजे सिद्धम् लिपींतील संस्कृत बीजाक्षरें. चीनमार्गें तेथें पोंचलेली आपलीच विद्या त्या देवदारांच्या सावलींत शेंकडों वर्षें जपलेली आहे. फोन समोरची पाटी वाचून दाखवील, विचारलेल्या प्रश्नाचें उत्तरही देईल. परंतु जो प्रश्न आपल्याला सुचलाच नाहीं त्याचें उत्तर तो देत नाहीं. जाणता दुभाषी नेमका तोच प्रश्न आपल्या मनांत उत्पन्न करतो.

जेवणाची गोष्टही अशीच. नुसत्या भाजीच्या दिसणाऱ्या कढणांतही बहुधा कोंबू हें समुद्रशैवल आणि सुकविलेला बोनिटो मासा यांचा अर्क असतो. शाकाहारी पाहुण्यास हें आधीं सांगून, कोयासानच्या मठांत मिळणाऱ्या शोजिन र्योरी या निरामिष भोजनापर्यंत नेणारा माणूस बरोबर असेल, तर स्वयंपाक्याचें ओझें समुद्रापार न्यावें लागत नाहीं. ऱ्योकान या पारंपरिक विश्रामगृहांत कोणी सपाता घालून तातामीवर चालूं लागला, तर तेथील गृहस्वामिनी, जिला ओकामी म्हणतात, ती संकोचानें गप्पही राहील. पाहुण्याचा मान आणि यजमानाची मर्यादा दोन्ही सांभाळण्याचें नाजूक काम दोन्ही भाषा आणि दोन्ही रीती जाणणाराच करूं शकतो.

यावर कोणी म्हणतील कीं, वाटाडे पोपटपंची करतात, दलालीसाठीं दुकानांत नेतात, आणि प्रवाशाला शांतपणें कांहीं पाहूं देत नाहींत. असे वाटाडे आहेत, हें आम्हांस मान्य आहे. पण भोंदू वैद्य आहेत म्हणून कोणी वैद्यकच टाकून देत नाहीं. र्योआन्जी येथील पाषाणोद्यानांत १५ शिळा आहेत, आणि ओसरीवर कोठेंही बसलें तरी एक तरी शिळा दृष्टीआड राहते. चांगला दुभाषी एवढें एकच वाक्य सांगतो आणि मग बाजूस होऊन मौन धरतो. कोठें बोलूं नये हें कळणें हाही त्याच्या विद्येचाच भाग आहे.

जपाननें या विद्येची किंमत ओळखून १९४९ सालीं कायदाच केला. परकीयांना त्यांच्या भाषेंत मोबदला घेऊन मार्गदर्शन करावयाचें तर भाषा, इतिहास व भूगोल यांची सरकारी परीक्षा उत्तीर्ण होणें त्यानें सक्तीचें झालें. जानेवारी २०१८ पासून ही सक्ति उठली; परीक्षा व पदवी राहिली, पण आतां हें काम कोणीही करूं शकतो. अर्थात् पारख करण्याची जबाबदारी आतां प्रवाशावर आली. त्या परीक्षेच्या दहा भाषांत एकही भारतीय भाषा नाहीं, हेंही आमच्या श्रीमंत प्रवाशांनीं लक्षांत घ्यावें.

इकडे पुण्यांत जपानी शिकणाऱ्या तरुण-तरुणींची कमतरता नाहीं. त्यांतील पुष्कळांचें ज्ञान शेवटीं कारखान्यांचीं व संगणक-कंपन्यांचीं कागदपत्रें उतरविण्यांत खर्ची पडतें, कारण तेथें त्याचें मोल मिळतें. देवळांतील गरुड ओळखून दाखविणाऱ्यास आम्ही कांहीं देत नाहीं, मग असा मनुष्य आमच्या वाट्यास येणार कसा? म्हणून यात्रा ठरवितांना, हॉटेल कोणतें हें विचारण्यापूर्वीं, दाखविणारा कोण आहे आणि तो काय जाणतो, हें विचारावें. त्यासाठीं भारी हॉटेलांतील एक रात्र कमी करावी लागली तर खुशाल करावी. त्या रात्रीचें मऊ अंथरूण कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. कोयासानच्या दगडावरचें आपलें अक्षर मात्र घरच्या मुलांनाही सांगतां येतें.