थिऑलॉजीची मोठी डिग्री आणि गटाराचं झाकण



माझी आई आणि मावशी सख्ख्या बहिणी. नगरकडच्या. आजोळ ख्रिस्ती, आजोबांच्या बापानं मिशनऱ्याच्या हातून बाप्तिस्मा घेतलेला. आई लग्न होऊन बौद्धाच्या घरात आली, मावशी ख्रिस्त्याच्याच घरात गेली. आमच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, मावशीच्या भिंतीवर काटेरी मुकुटातला येशू. गावाला ह्या फरकाची खबरच नाही. गावाच्या लेखी दोन्ही घरं महारवाड्यातली.

ह्या मावशीच्या पोरानं बी.ए. केलं, मग बी.डी. केलं, मग दक्षिणेतल्या एका सेमिनरीत दोन वर्षं राहून एम.टीएच. केलं. विषय काय, तर उपयोजित ईश्वरविज्ञान. म्हंजे देवाबद्दलचं जे ज्ञान पोथीत आहे ते माणसाच्या जगण्यात वापरायचं कसं. आजाऱ्याच्या खाटेशी बसून काय बोलायचं, मयतीत काय बोलायचं, दारुड्या नवऱ्याच्या बायकोचं गाऱ्हाणं ऐकायचं कसं, उपदेश रचायचा कसा, मंडळी चालवायची कशी. ह्या शेवटच्या भागाला आता 'ख्रिस्ती नेतृत्व' असं भारी नाव आहे. मी त्याची त्या विषयाची पुस्तकं चाळली. अर्ध्या पानांवर अमेरिकन कंपन्यांच्या मॅनेजरची भाषा, फक्त 'गिऱ्हाईक' खोडून 'मंडळी' लिहिलेलं.

आपल्या चळवळीतली पोरं अशा डिग्रीला हसतात. मीही हसलो. देवाची डिग्री! आपण देवाला १९५६ सालीच पेन्शनीत काढलं आणि हा त्याच्यावर दोन वर्षं प्रबंध लिहितोय. आणि आपल्यातले काही तर त्याहून वाईट बोलतात. 'दुधाच्या पावडरीवर बाटलेले' हा शब्द मी बामणाच्या तोंडून कमी आणि आपल्या पोरांच्या तोंडून जास्त ऐकलाय. तो शब्द आता बंद करा. दुष्काळात भाकरीसाठी धर्म बदलला असेल तर लाज भाकर अडवणाऱ्यानं बाळगायची, खाणाऱ्यानं नाही.

हसणं थांबलं ते त्याची एक वही वाचल्यावर. त्या वहीबद्दलच लिहायला बसलोय.

आधी ती वही काय असते ते सांगतो. अमेरिकेत अँटन बॉयसन नावाचा एक पाळक होता. त्याला वेडाचे झटके आले, इस्पितळात कोंडून ठेवलं. बरा झाल्यावर हा बाबा पुन्हा वेड्यांच्या इस्पितळातच गेला, चॅप्लेन म्हणून. १९२५ सालच्या उन्हाळ्यात वूस्टरच्या सरकारी इस्पितळात त्यानं थिऑलॉजीची मूठभर पोरं बोलावली. त्याचं म्हणणं साधं होतं. पाळकानं पोथ्या वाचल्या तशी माणसं वाचावीत, दुखणाईत माणूस हाच एक ग्रंथ आहे. त्यातून पुढं शिकवण्याची एक रीतच झाली. विद्यार्थी आजाऱ्याला भेटतो, परत येऊन ते बोलणं शब्दाला शब्द लिहून काढतो: मी हे म्हटलं, ती हे म्हणाली, मी गप्प बसलो, ती रडली. मग चारचौघांत ते वाचून त्याची चिरफाड होते. कुठं ऐकलं नाहीस, कुठं उपदेश झोडलास, कुठं घाबरून विषय बदललास. मला ही रीत आवडली. आपल्या कार्यकर्त्यांना अशी वही लिहायला लावली तर निम्मे पुढारी पहिल्याच पानावर उघडे पडतील.

तर भावाची वही. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात त्याला प्रॅक्टिकलसाठी मुंबईतल्या एका मंडळीत पाठवलं होतं. त्या मंडळीतल्या एका बाईचा नवरा ठेकेदाराकडं कामाला. २०२४ च्या पावसाळ्याआधी मेनहोलमध्ये उतरला आणि वर आला तो मुडदा. बाई जालन्याकडची, मातंग, ख्रिस्ती. भाऊ तिला भेटायला गेला. बोलणं मराठीत झालं, वही इंग्रजीत. कारण सेमिनरी इंग्रजीत.

मी त्याला विचारलं, बाई नेमकं काय म्हणाली? तो म्हणाला, "ती म्हणली, त्याला गटारानं खाल्लं आन ठेकेदारानं त्याचं तोंड पुसलं." वहीत काय आहे? वहीत आहे, नवरा कामावरच्या अपघातात वारला, बाई शोकाच्या रागाच्या टप्प्यात आहे. शोकाचे टप्पे असतात म्हणे. राग हा त्यातला एक टप्पा, तो ओलांडून बाईला पुढं न्यायचं, स्वीकाराकडं. भावानं तिच्याबरोबर प्रार्थना केली. वहीच्या समासात मास्तरांनी लाल शाईनं लिहिलंय: छान, तुम्ही तिच्या मौनाला जागा दिलीत. मार्क चांगले पडले.

साला, कोणी विचारलंच नाही की ठेकेदारानं बाईच्या हातावर वीस हजार ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा का घेतला. ते वहीत आहे. एका ओळीत आहे. त्या ओळीखाली लाल शाई नाही.

आता ऐका. हातानं मैला उचलण्याविरुद्धचा कायदा २०१३ चा. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलं की गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या. २० ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टानं ते तीस लाख केले. इथं मुंबईतच, गोवंडीला एका सोसायटीची टाकी साफ करताना २०१९ च्या डिसेंबरात तिघं मेले, तेव्हा त्यांच्या विधवा हायकोर्टात गेल्या आणि २०२१ साली कोर्टानं कलेक्टरला पैसे द्यायला लावले. म्हंजे वाट मळलेली आहे. आणि ह्यातली मेख बघा. हा कायदा माणसाची जात विचारत नाही, धर्म विचारत नाही, काम विचारतो. एरवी ख्रिस्ती झालेला दलित सरकारदरबारी दलितच नसतो. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश अनुसूचित जात फक्त हिंदूंची म्हणाला. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला आपण बौद्ध आत आलो, ख्रिस्ती आणि मुसलमान दाराबाहेर उभे राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं ही अट काढा म्हटलं, २०२२ साली बाळकृष्णन आयोग नेमला. सवलत नाही, शिष्यवृत्ती नाही, मारलं तर अ‍ॅट्रॉसिटीचं कलम नाही. पण गटारात मेला तर तो जातीच्या दाखल्याशिवाय मेलेला धरतात! एवढी एकच जागा, जिथं त्या बाईचा हक्क माझ्या आईएवढाच. आणि तिच्या शेजारी बसलेल्या एम.टीएच.च्या विद्यार्थ्याला ते माहीत नव्हतं. त्याच्या मास्तरालाही नव्हतं. मास्तर डॉक्टरेट.

मी भावाला शिव्या दिल्या. मग लाज वाटली, कारण मलाही ते माहीत नव्हतं. युनियनच्या पोरांना विचारलं तेव्हा कळलं.

मग मला प्रश्न पडला, हे 'उपयोजित' कुणी ठरवलं? कुठं लावायचं आणि कुठं नाही, ह्याची रेघ कुणी ओढली?

भारतातल्या थिऑलॉजीला वय आहे. कॅरी, मार्शमन, वॉर्ड ह्यांनी १८१८ साली बंगालमध्ये सेरामपूर कॉलेज काढलं. १८२७ साली डेन्मार्कच्या राजानं त्याला पदव्या द्यायची सनद दिली. देशभरातल्या कितीतरी प्रोटेस्टंट सेमिनऱ्या त्याच सेरामपूरच्या पदव्या देतात. आपल्या पुण्याचंच घ्या. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला निघाली, १९८३ ला पुण्यात आली. कॅथलिकांची पेपल सेमिनरी श्रीलंकेतल्या कँडीहून १९५५ साली पुण्याला आली. आपण बसमधून त्यांच्या कंपाउंडावरून जातो. आत आपलेच भाऊबंद शिकतात हे आपल्या गावीही नसतं.

आणि एवढ्या वर्षांत 'भारतीय' थिऑलॉजी म्हणून काय पिकलं? वेदान्त. ब्रह्मबांधव उपाध्याय उपनिषदाच्या भाषेत ख्रिस्त सांगत होते. मराठीत बघा, ख्रिस्ती म्हटलं की नावं कोणती येतात? नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई, नीळकंठशास्त्री गोरे. माणसं मोठी, टिळकांची भजनं मावशी आजही गाते, त्यांच्याशी भांडण नाही. पण नगर-जालन्याच्या चर्चमध्ये बाकावर बसणारे कोण? महार आणि मांग. बाकं आमची, पोथी त्यांची.

हे तोंडावर बोलला तो अरविंद निर्मल. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यानं भाषण केलं आणि 'शूद्र ईश्वरविज्ञाना'ची मागणी केली. चर्चमधली बहुसंख्य माणसं दलित आणि थिऑलॉजी बामणी, हे चालायचं नाही. पुढं त्यातूनच दलित थिऑलॉजी उभी राहिली. मद्रासच्या गुरुकुल कॉलेजात तिचा स्वतंत्र विभाग निघाला, निर्मल त्याचा प्रमुख झाला. तो म्हणायचा, दलितांची थिऑलॉजी दलितांनीच करायची आणि तिची सुरुवात वेदनेतून व्हायची. येशू स्वतः दलित. १९९५ ला तो गेला.

आता दलित थिऑलॉजी अभ्यासक्रमात आहे. भावानं तिचा पेपर दिलाय. पण गंमत अशी की तो पेपर वेगळ्या खोलीत आणि बाईच्या घरी जायचं प्रॅक्टिकल वेगळ्या खोलीत. एका खोलीत येशू दलित आहे, दुसऱ्या खोलीत बाई शोकाच्या टप्प्यात आहे. दोन खोल्यांमध्ये दार नाही. माझं सगळं म्हणणं ह्या दारापुरतं आहे.

चर्चला जात नाही असं कुणी सांगत असेल तर त्याला तिरुचिरापल्लीला न्या. तिथल्या मेलपुदूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत भिंत घातलेली, एका अंगाला दलितांची मढी, दुसऱ्या अंगाला बाकीच्यांची. २०१० साली ती पाडायला माणसं गेली होती. आपल्याकडं अशा भिंती विटांच्या नसतात. भाऊ एका मंडळीत मुलाखतीला गेला तेव्हा कमिटीतल्या म्हाताऱ्यांनी त्याचा प्रबंध उघडलाही नाही. चहा देऊन विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं, पाळकसाहेब?" मग गावात कुठं, मग आईचं माहेर कुठलं. तिसऱ्या प्रश्नाला जात सापडते. आणि हेही लिहितो, गाळत नाही: विचारणारे बामण नव्हते. महार ख्रिस्ती मांग ख्रिस्त्याला पोरगी देत नाही, हे मावशीच्या घरातलंच आहे.

बाबासाहेबांनी १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढं हेच बोलून दाखवलं होतं. तुमच्यात शिकलेले पुष्कळ, पण तुमच्याच अडाणी भावावर अन्याय झाला तर तोंड उघडत नाही. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी भिक्खूबद्दल विचारलं, हा नुसता परिपूर्ण माणूस व्हायला निघालाय की समाजाचा सेवक? नुसता परिपूर्ण माणूस असेल तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही. हा प्रश्न उचलून सेमिनरीच्या फाटकावर लावा. पण त्याआधी आपल्या विहारात लावा. आपले किती भंते गटारात मेलेल्याच्या घरी परित्राण पाठ म्हणून झाल्यावर कलेक्टरच्या नावे अर्ज लिहून देतात? भावाला हसणाऱ्यांनी हे मोजून यावं.

मार्टिन ल्यूथर किंगनं १९५५ साली बॉस्टनला थिऑलॉजीची डॉक्टरेट घेतली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात माँटगोमेरीला बस बंद पाडायला उभा राहिला. चर्चच्याच बाकावरून सभा झाल्या. तिथं उपदेश आणि आंदोलन ह्यांच्या दोन खोल्या नव्हत्या.

तेव्हा सेमिनऱ्या बंद करा असं मी म्हणत नाही. ज्या पोराला सरकार दलित मानत नाही त्याला वर चढायला चर्चची शिडी एवढीच उरते, ती काढून घ्यायला मी कोण? पण वही मराठीत लिहू द्या, तमिळमध्ये, तेलुगूत लिहू द्या, म्हणजे 'गटारानं खाल्लं' हे 'गटारानं खाल्लं'च राहील. तिची चिरफाड करायला मास्तराबरोबर युनियनचा एक माणूस बसवा, आणि जमलं तर ती बाई बसवा. शोकाच्या टप्प्यांबरोबर २०१३ चा कायदा शिकवा. ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याला मयतीचा उपदेश शिकवू नका.

परवा भाऊ माझ्या खोलीवर आला. गळ्यात पाळकाची पांढरी पट्टी, काखेत फाईल. बाईचा अर्ज कलेक्टर कचेरीत पडून आहे. ठेकेदार म्हणतो ते गटार नव्हतंच, पावसाच्या पाण्याचा नाला होता. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट पोलीस देत नाहीत, उद्या या म्हणतात. पुढच्या सोमवारी आम्ही तिघं पुन्हा पोलीस ठाण्यात जाणार आहोत. भाऊ विचारत होता, पट्टी घालून येऊ का काढून? बाईनं परस्परच सांगितलं, घालूनच या, हवालदार निदान खुर्ची तरी देईल.