जनरेटर अंगणातच बरा

आमच्या गोंडपिपरीकडे 'वीज गेली' असं कोणी म्हणत नाही, 'लाईन गेली' म्हणतात. चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र. पण मृगाच्या वादळात जंगलातल्या तारेवर फांदी पडली की आमच्याकडे रात्रभर अंधार.

गेल्या पावसाळ्यात खालूंनी स्वस्तातला पेट्रोल जनरेटर आणला. दोरी ओढून सुरू करायचा, एक किलोवॅटच्या आतला. पहिल्या रात्री सगळं झकास. दुसऱ्या रात्री खालांनी मिक्सर बंद केला आणि टीव्ही गेला तो गेलाच. खालू दुकानदारावर चिडले. पण भगिनींनो, चूक वापरण्यातही होती. ५० हर्ट्झची वीज देण्यासाठी असं इंजिन मिनिटाला साधारण ३,००० फेरे घेतं. जड उपकरण एकदम बंद केलं की ते क्षणभर उधळतं आणि व्होल्टेज २३० च्या वर उडी मारतं. म्हणून मिक्सर आणि टीव्ही सोबत नकोच. फ्रीजही नको, त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. सुरू करताना आधी इंजिन स्थिर होऊ द्या, मग उपकरणं लावा. बंद करताना आधी उपकरणं काढा. पेट्रोल संपून यंत्र आपोआप बंद पडेल, अशी वाट पाहू नका.

घरी इन्व्हर्टर असेल तर जनरेटरवर त्याची बॅटरी तेवढी भरून घ्या. टीव्ही, लॅपटॉप नंतर, जनरेटर बंद केल्यावर लावा; कारण जनरेटर चालू असताना इन्व्हर्टर तीच वीज पुढे सोडतो. काही इन्व्हर्टर अशी वीज घेतच नाहीत, ते खरेदीआधी विचारा.

टीव्ही गेला त्याचं एवढं नाही. तिसऱ्या रात्री पाऊस आला म्हणून खालूंनी यंत्र ओसरीत ओढलं. पहाटे नात डोकं धरून उठली, उलट्या सुरू. खालांना वाटलं, रात्रीचं जेवण बाधलं. मग त्यांचंही डोकं गरगरू लागलं, तेव्हा कोणाला तरी सुचलं आणि सगळे बाहेर पळाले. अल्लाहची मेहेरबानी, वाचले. पेट्रोलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्याला कळतही नाही. खिडकी उघडी ठेवली म्हणजे भागलं, असं समजू नका. यंत्र घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून लांबच हवं. डोकं दुखलं, मळमळलं तर आधी मोकळ्या हवेत या, मग दवाखाना गाठा.

आणखी एक. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून भिंतीच्या सॉकेटमधून घरभर वीज देणारे हुशार लोक आमच्याकडे आहेत. ती वीज उलटी ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते आणि तिथे ११,००० व्होल्टची होऊ शकते. खांबावर चढलेल्या लाईनमनने काय करावं? चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, तोही जाणत्या वायरमनकडून.

आता खालूंचा जनरेटर लांब लिंबाखाली असतो, वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या. इंजिन थंड झाल्याशिवाय पेट्रोल ओतत नाहीत. टीव्ही अजून दुरुस्त झालेला नाही. खालू म्हणतात, बातम्या मोबाईलवर मिळतात.