आकाशवाणी, सिलोन आणि पेटीवरचें गाणें

काठीच्या होळीहून परत येऊन आठ दिवस झाले, तरी कानांतला ढोल गेलेला नाहीं. अक्कलकुवा तालुक्यांतील हें सातपुड्याच्या कुशींतलें गांव. पूर्वीं मेवासी संस्थानांपैकीं एकाची गादी येथें होती, आणि येथील राजवाडी होळीस दूरदूरच्या पाड्यांवरून हजारों माणसें डोंगर तुडवीत येतात. होळी पेटते ती पहांटे. तोंपर्यंत नवस फेडणारे बावा-बुध्ये डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवून, कमरेला घुंगरू व वाळलेले दुधी बांधून नाचत असतात. यंदा मात्र मैदानाबाहेरच्या रस्त्यावर एका गाडीवर बांधलेले मोठमोठे कर्णे सिनेमाचीं गाणीं ओकत होते, आणि तरुण मुलांची निम्मी गर्दी त्या गाडीभोंवतीं होती. माझ्याबरोबर आलेला पुतण्या म्हणाला, “काका, घरचा ढोल सोडून हीं मुलें हें कां ऐकतात?” प्रश्न साधा होता, पण मला चटकन् उत्तर देतां येईना. त्याच्या पोटांत एक जुनी गोष्ट आहे, आणि तींत थोडा दोष माझाही आहे.

गोष्ट १९५२ सालची. त्या वर्षीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्र सरकारांत माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. पुण्यांत जन्मलेला, विद्वान आणि शास्त्रीय संगीताचा निस्सीम अभिमानी असा हा गृहस्थ. सिनेमाच्या संगीतानें लोकांची अभिरुचि बिघडत चालली आहे, आणि सरकारी नभोवाणीनें ती सुधारली पाहिजे, असें त्यांचें ठाम मत होतें. चित्रपटगीतांचा वेळ छाटण्यांत आला. शिवाय गाण्यापूर्वीं गायकाचें नांव सांगावें, पण चित्रपटाचें सांगूं नये, कारण ती फुकटची जाहिरात होते, असा दंडक पडला. निर्माते चिडले, त्यांनीं आपलीं गाणीं वाजविण्याची परवानगीच काढून घेतली. आणि बघतां बघतां आकाशवाणीवरून सिनेमाचें गाणें नाहींसें झालें.

मंत्र्यांच्या हातीं केंद्रें होतीं, पण श्रोत्याच्या हातीं काटा होता, हें दिल्लीच्या ध्यानांत आलें नाहीं. समुद्रापलीकडे कोलंबोला महायुद्धांत दोस्तांच्या सैन्यासाठीं उभारलेलें एक शक्तिमान प्रक्षेपक यंत्र सिलोन सरकारच्या ताब्यांत आलें होतें. त्यावरून लघुलहरींवर हिंदी गाण्यांचा व्यापारी कार्यक्रम सुरू झालेलाच होता. आकाशवाणीनें दार लावलें आणि सगळें गिऱ्हाईक शेजारच्या दुकानीं गेलें. ३ डिसेंबर १९५२ या दिवशीं तेथें ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दंतमंजनाच्या कंपनीची जाहिरात, अमीन सयानींचा तो आर्जवी आवाज, आणि श्रोत्यांच्या पत्रांचे ढीग. गंमत अशी कीं कार्यक्रम ध्वनिमुद्रित होई मुंबईंत; मग फिती विमानानें कोलंबोला जात, आणि तेथून तेंच मुंबईचें गाणें लाटांवर बसून मुंबईला परत येई.

मी तेव्हां जन्मलोंही नव्हतों. पण आमच्या तळोद्याच्या घरांत हें भांडण पुढें वीस वर्षें जिवंत होतें. ओसरीवर मर्फीचा रेडिओ होता आणि त्याच्या काट्यावर सत्ता थोरल्या काकांची. सकाळचें शास्त्रीय गायन, सायंकाळच्या बातम्या, आणि शनिवारीं रात्रीं संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम. याखेरीज यंत्राला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. “केसकरांनीं केलें तें योग्यच केलें,” असें ते जेवतांना दर आठवड्याला एकदां तरी म्हणत. परंतु बुधवारीं रात्रीं आठाला पांच मिनिटें असतां काका उपरणें घेऊन मारुतीच्या देवळांत जात. इतर कोणत्याही वारीं त्यांना देवळाची आठवण होत नसे. ते उंबऱ्याबाहेर पडले कीं धाकटी आत्या काटा फिरवी, सिलोन खरखरत जवळ येई, पुन्हां दूर जाई, आणि आई-वहिनी चुलीपुढून उठून दाराशीं येऊन उभ्या राहत. नऊ वाजून गेल्यावर काका परत येत, चप्पल काढतां काढतां, कोणाकडेही न पाहतां विचारीत, “आज पहिलें कोणतें आलें?” एकत्र कुटुंब चालतें तें अशाच तडजोडींवर.

काकांचा पक्ष अगदींच पडका होता असें मात्र मी म्हणणार नाहीं. सिनेमाचें गाणें गेल्यामुळें जी पोकळी झाली ती भरण्यासाठीं आकाशवाणीला स्वतःचें सुगम संगीत निर्माण करावें लागलें. पुणें केंद्र १९५३ च्या २ आक्टोबरला सुरू झालें, आणि १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीला, तेथून ‘गीतरामायणा’चें पहिलें गीत प्रसारित झालें. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणें छप्पन्न गीतें. त्या वेळीं नभोवाणी केवळ मागणी तसा पुरवठा या न्यायानें चालली असती, तर वर्षभर रामकथा गाण्याचें धाडस कोणी केलें असतें, याची मला शंका आहे. कलावंतांच्या स्वरपरीक्षेची पद्धतिही त्याच काळांत कडक झाली. त्यावरून गवय्यांत रुसवे-फुगवे पुष्कळ झाले. आणि बंदीचा हा सोस एकट्या केसकरांचा तरी कोठें होता? बाजाच्या पेटीला आकाशवाणीनें १९४० सालींच दाराबाहेर काढलें होतें, तेंही गोऱ्या अधिकाऱ्याच्या अमलांत. आणि सुमारें तीन दशकें ती बाहेरच राहिली. कीर्तनापासून नाटकापर्यंत अवघा महाराष्ट्र जिच्या सुरांवर गात होता, ती पेटी अशुद्ध ठरली.

पुढें सरकारनें माघार घेतली, पण ती चतुराईनें. ३ आक्टोबर १९५७ रोजीं ‘विविध भारती’ सुरू झाली. पंडित नरेंद्र शर्मा तिचे प्रमुख शिल्पकार. सिनेमाचें गाणें पुढच्या दारानें परत आलें, आणि १९६७ च्या १ नोव्हेंबरला मुंबई-पुणें-नागपूर येथें त्याच्यामागून जाहिरातीही आल्या. सिलोनचें गिऱ्हाईक हळूहळू घरीं परतलें. पुढें गीतमालाच विविध भारतीवर आली, तेव्हां थोरले काका हयात नव्हते.

केंद्रांची ही ओढाताण आपल्याकडेच झाली असें नाहीं. अमेरिकेच्या टेक्सास प्रांतांत मेक्सिकन वंशाचे लोक पिढ्यान्पिढ्या राहतात. त्यांचें ‘तेहानो’ नांवाचें संगीत आहे. जर्मन व चेक वसाहतवाल्यांनीं आणलेलें अकॉर्डियन, म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीची बहीणच, त्यांनीं आपलेंसें केलें आणि पोल्का नाचाच्या ठेक्यावर स्पॅनिश गाणीं रचलीं. १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत या गाण्यांसाठीं रेडिओ-केंद्रांत चढाओढ लागली होती. १९९५ सालीं सेलेना ही त्यांची लाडकी तरुण गायिका गोळी लागून मारली गेली, तेव्हां सगळा प्रांत हळहळला. परंतु थोड्याच वर्षांत एकामागून एक केंद्रांनीं तेहानो सोडून खुद्द मेक्सिकोंतलीं गाणीं लावण्यास आरंभ केला. नव्यानें आलेल्या श्रोत्यांची संख्या मोठी, आणि जाहिरातदार संख्येमागें जातो. तेथें मंत्र्याचा हुकूम नव्हता, तरी घरचें गाणें बाहेर गेलेंच. हुकमानें हाकललेलें गाणें रागावून परत येण्याचा तरी संभव असतो. हिशेबानें वगळलेल्या गाण्याचें काय होतें, तें मला सांगतां येत नाहीं.

आतां माझा दोष. १९८३ च्या सुमारास मी डोंगरांतील एका शाळेवर होतों. शाळेचा एक ट्रान्झिस्टर होता. आकाशवाणीचें जळगांव केंद्र १९७६ सालीं सुरू झालेलें होतें. हवा स्वच्छ असली कीं तें लागे, नाहीं तर गुजराथेंतलें कोणतें तरी केंद्र मध्येंच शिरे. दर शुक्रवारीं बालसभा भरे. एके दिवशीं सहावींतला एक मुलगा पुढें आला, आपली पत्र्याची पेटी उलटी करून तिच्यावर ठेका धरूं लागला आणि आपल्या बोलींतलें होळीचें गाणें गाऊं लागला. आवाज खडा, ताल असा पक्का कीं मुलांच्या माना आपोआप डोलूं लागल्या. मी संस्कृताचा अभिमानी, थोरल्या काकांच्या ओसरीवर वाढलेला. मीं त्याला थांबविलें. “हें येथें नको,” मी म्हणालों, “रेडिओवर लागतें तसें कांहीं तरी म्हण.” मुलगा पेटी उचलून जागेवर जाऊन बसला. त्या वर्षीं तो पुन्हां गायला नाहीं. आणि मीही विचारलें नाहीं.

काठीला यंदा तोच मला भेटला. खांद्याला भला मोठा ढोल, केस पिकलेले. मीं ओळखलें नाहीं. त्यानेंच वांकून नमस्कार केला. “गुरुजी, मी तो पेटीवाला.” मला बोलावयास शब्द सुचेना. मीं त्या शुक्रवारची गोष्ट काढली, तर तो मोकळेपणानें हसला. “तेव्हां आमचं गाणं रेडिओवर लागत नव्हतं ना, गुरुजी. तुम्ही तरी काय करणार?” हें तो मनापासून बोलला, म्हणूनच मला अधिक लागलें.

पुतण्यानें रस्त्यावरच्या कर्ण्यांकडे बोट दाखवून नापसंती दर्शविली. तेव्हां तो थोडा ओशाळला. “ती गाडी माझ्याच पोराची आहे.”

पोरगा बोलका निघाला. त्यानें आपल्या मोबाईलवर बापाचें गाणें भरून ठेवलें होतें, ढोलासकट. मला ऐकविलें. मीं विचारलें, “मग हेंच कां लावीत नाहींस?”

“हे लावलं तर पोरं गाडीपाशी थांबत नाहीत, गुरुजी. आणि डिझेलचे पैसे निघायला पाहिजेत. घरी जाताना लावतो.”

पहांटे होळी पेटली तेव्हां कर्णे बंद होते. ढोलापुढें ते ऐकूंही आले नसते. उजाडल्यावर आम्हीं मोलगीचा रस्ता धरला, तों ती गाडी आमच्यापुढें होती. मागें आठ-दहा बायका-मुलें पेंगत बसलीं होतीं, आणि कर्ण्यांवर बापाचें गाणें चाललें होतें. पुतण्यानें आमची गाडी पुढें काढण्याची दोनदां परवानगी मागितली. मीं दिली नाहीं.